सावकाश बोल, नोरा

पाइन ब्लफ, आर्कान्सा
रविवार, ९ मार्च १९९७

प्रिय कर्ट,

अनेक आशीर्वाद. तुला ते हवेत की नकोत माहीत नाही, पण बायकोची मोठी बहीण म्हटल्यावर द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी काम टाळत नाही. आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा आई जास्त कुरकुरते. परसातल्या पीचला फुलं येऊन गेलीसुद्धा. तुमच्या डुलुथला अजून दारातला बर्फ उपसतोयस ना? पाठ सांभाळ. नोराचा खोकला गेला का?

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टाच्या खिडकीवर नोकरी करण्याचा हा एक तोटा. बाकीच्यांना वाईट बातमी निदान घरी खुर्चीत बसून वाचायला मिळते, मला ती कामावरच मिळाली. उभ्या उभ्या वाचलं, खिशात घातलं आणि दिवसभर लोकांच्या खोक्यांवर शिक्के हाणले. शेजारच्या खिडकीवरचा लूथर म्हणाला, "अर्लीन, त्या खोक्यानं तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

"नोरा यंदा ईस्टरला पाइन ब्लफला येणार नाही. तिची इच्छा नाही. मी तिच्यावर जबरदस्ती करणार नाही." एवढंच, आणि खाली तुझी सही. अरे, किराण्याची यादीसुद्धा याहून मोठी असते!

मी भांडायला बसलेली नाही. भांडायचं असतं तर फोन केला असता. फोनवर मी उत्तम भांडते, तुला अनुभव आहे. पत्रात निदान माझा चढलेला आवाज तुला ऐकू येत नाही.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती नोराचा ईस्टरचा फ्रॉक शिवायला बसली आहे. पिवळा. "त्याला पोरीची उंची विचार गं," म्हणून रोज माझ्या मागे लागते आणि मी रोज "विचारते" म्हणते. काल म्हणाली, "नऊ वर्षांची असताना जोनेल एवढी होती," आणि भिंतीला हात लावून दाखवला. मग बराच वेळ हात तिथेच ठेवून उभी राहिली. मला ते बघवेना. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून गेले.

माझ्या पाठची जोनेल जाऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत पोरीचं तू एकट्यानं जे केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याचं त्याला द्यावं. तिच्या वेण्या घालायला शिकलास. सुरुवातीला त्या वेण्या म्हणजे उंदरांनी कुरतडलेली दोरी दिसायची, पण हटला नाहीस, शिकलास. गाडी हाणत मिनियापोलिसला जाऊन तिच्याच रंगाची बाहुली शोधून आणलीस. आमच्या पीबल्सबाईंना मी हे मुद्दाम ऐकवलं, आणि त्या सहजासहजी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. पीबल्सबाई म्हणजे आमच्या चर्चमध्ये ईस्टरला मुलांची भाषणं बसवतात त्या. तू त्यांना विसरला नसशील. त्या तर तुला मुळीच विसरलेल्या नाहीत.

पण एक गोष्ट तू नेहमी म्हणतोस, "ताई, आमच्या घरात रंगाचा विषयच नसतो. मी नोराला माणूस म्हणून वाढवतो." अरे बाबा, मग आम्ही काय आमची पोरं बदकं म्हणून वाढवतो? तुझ्या घरात नसेल विषय. शाळेत आहे, बसमध्ये आहे, दुकानात तिच्या मागेमागे फिरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आहे. तिथे तू नसतोस, ती एकटी असते, आणि तेव्हा तिच्या गाठीला काहीतरी लागतं. एका बाहुलीनं ते भागत नाही. आपल्यासारखी काळी माणसं एका छपराखाली ढिगानं बघावी लागतात. जाडी, बारकी, भांडकुदळ, देवभोळी, नटवी, घोरणारी. अशी खूप बघितली ना, की मग बाहेर कुणी काही बोललं तर पोरीला कळतं, हा मूर्ख आहे, माझ्यात काही खोट नाही. तिची निम्मी माणसं तुझी, गोरी आहेत, ती तिला रोज दिसतात. उरलेली निम्मी तिनं कुठे बघायची?

म्हणून तर मी ईस्टर मागितला होता. सगळा उन्हाळा नाही, नाताळ नाही. फक्त ईस्टर.

गेल्या ईस्टरबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून मी पेन हातात घेतलं होतं. बघ, आलेच की नाही तिथे! आता आलेच आहे तर सगळं बोलते.

चर्चमधल्या वेदीसमोरच्या त्या पायरीवर आम्ही सगळे उभे राहिलोय, कर्ट. नुकत्याच चालायला लागलेल्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या पोरापर्यंत, ज्याला त्याला चार ओळी. पाठ करायच्या आणि ईस्टरच्या सकाळी भरल्या चर्चसमोर म्हणायच्या. मी म्हटल्या, आईनं म्हटल्या, आईच्या आईनं म्हटल्या. जोनेल सहा वर्षांची असताना तिथे उभी राहिली आणि सगळं विसरली. पार कोरी पाटी. मग जे नेहमी होतं ते झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "सावकाश, बाळा, सावकाश." पुढून कुणीतरी म्हणालं, "आम्ही कुठे जात नाही गं, बोल तू!" टाळ्या सुरू झाल्या. म्हाताऱ्या बायका हातातले पंखे हलवून "दे रे देवा, दे तिला!" म्हणायला लागल्या. आणि आमच्या जोनेलनं छाती पुढे काढून रेडिओवरची साबणाची जाहिरात म्हणून दाखवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत! अख्खं चर्च उठून उभं राहिलं. पाद्री डोळे पुसत होते, हसून की रडून ते त्यांनाच ठाऊक. घरी आल्यावर आईनं तिचा कान पिळला, पण त्या दिवसापासून जोनेल कुणाला म्हणून घाबरली नाही. तुमच्या त्या थंडगार गावात एकटी नर्स म्हणून आली ती कशाच्या जोरावर, तुला काय वाटलं? जन्मतःच तशी होती? छे! लहानपणी माझ्या फ्रॉकाआड लपणारी पोर ती.

आमच्याकडे पोरानं विसरावं असंच मनातून सगळ्यांना वाटत असतं. घडाघडा म्हणणाऱ्याला नुसतं "आमेन" मिळतं, अडलेल्याला सगळं चर्च मिळतं. शेवटच्या दुखण्यात जोनेल मला म्हणाली होती, "ताई, नोराला एकदा तिथे उभी कर." हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं, कारण मेलेल्या माणसाचं नाव घेऊन मागणी करणं मला आवडत नाही.

आणि गेल्या वर्षी नोरा उभी राहिली. पहिल्या दोन ओळी छान म्हणाली. तिसरीला अडली. लोक म्हणायला लागले, "सावकाश, बाळा." टाळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, आता, आता ही आपली झाली. तेवढ्यात तू माझ्या शेजारून उठलास. मला वाटलं फोटो काढायला चालला आहे. तू तरातरा पुढे गेलास, आठ वर्षांची घोडी उचलून खांद्यावर टाकलीस आणि बाजूच्या दारानं बाहेर! तिचे लांब लांब पाय लोंबत होते. टाळ्या थांबल्या. आमच्या चर्चमध्ये इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

बाहेर गाडीपाशी तू मला म्हणालास, "अडखळणाऱ्या लेकराला भर सभेत टाळ्या पिटून हैराण करतात, ताई? ही कसली माणसं?" त्याच दिवशी तुम्ही परत गेलात. पुढच्या आठवड्यात मी फोनवर तुला सगळं समजावून सांगितलं. तू म्हणालास, "असं होय. मला वाटलं, तिची चेष्टा चालली आहे." म्हणजे तुला कळलं. तुला कळलंय, कर्ट. म्हणून तर हे सगळं लिहायला माझी इतकी चिडचिड होते आहे.

तू गैरसमज करून घेतलास त्याचा मला राग नाही. मीही केला होता. जोनेलला निरोप द्यायला आम्ही तुमच्या चर्चमध्ये आलो तेव्हा तिथे कुणी रडलं नाही, कुणी तिला हाक मारली नाही. माझ्या तोंडून एकदा "अरे देवा!" निघालं तर पुढच्या बाकावरचे सगळे मागे वळून बघायला लागले, मी जसं काही भांडंच पाडलं. मी मनात म्हटलं, दगड आहेत हे. माझ्या बहिणीचं यांना काही म्हणजे काही नाही. मग तुझी आई उठून माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "अर्लीन, आम्ही गप्प बसतो ना, तेव्हा आम्ही आतून फुटत असतो. राग धरू नकोस गं." आणि शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही. त्या बाईनं सांगितलं म्हणून मला कळलं. नाहीतर आजही मी तुम्हाला दगडच म्हणत बसले असते.

मला सांगणारं कुणीतरी भेटलं. नोराला कोण भेटलं?

मधे उठले होते. आईला औषध दिलं, उद्याची पालेभाजी निवडून ठेवली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. खरं सांगायचं तर पुढचं लिहायचं टाळत होते. आता लिहितेच.

गेल्या रविवारी दुपारी नोराचा फोन आला होता. तू बाहेर बर्फ उपसत होतास. तिला त्यावरून रागावलास तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते.

"मावशी, तू कामात आहेस का?"

"तुझ्यासाठी? कधीच नाही. बोल, माझ्या साखरे."

मग म्हणाली, "मावशी, ते सगळे मला हसत होते ना?"

"कोण गं?"

"चर्चमधले. मी विसरले तेव्हा."

"नाही गं, राणी. कुणीसुद्धा हसत नव्हतं."

"मग बाबांनी मला उचलून का नेलं?"

आता तूच सांग, मी काय बोलायला हवं होतं? तुझ्या बाबाची चूक झाली म्हणू? पोरीला आई नाही. एक बाप आहे, तो चुकत नाही या भरवशावर ती रात्री झोपते. तो भरवसा मी इथून फोनवर मोडू? आणि गप्प बसू, तर माझी सगळी माणसं तिच्या लेखी दुष्ट ठरतात. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी म्हटलं, "बाबाला विचार गं." ती म्हणाली, "विचारलं होतं. बाबा म्हणाले, तो विषय सोड."

तू असं का म्हणालास ते मला समजतं. तुला लाज वाटली असेल. तिला परत आठवण नको असंही वाटलं असेल. पण तू विषय सोडलास आणि पोरीनं तो एकटीनं धरून ठेवला. वर्ष झालं, धरून बसली आहे.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी शाळेत सांगितलंय की माझी आई हवाईची होती."

मी विचारलं, "का गं?"

"हवाईची माणसंपण सावळी असतात, आणि छान असतात. ती कुणाला हसत नाहीत. आणि हवाई म्हटलं की सगळ्यांना आवडतं, मग कुणी जास्त विचारत नाही."

मी "बरं" म्हटलं. कर्ट, मी नुसतं "बरं" म्हटलं, कारण दुसरं काही बोलले असते तर रडले असते. तेवढ्यात तुझ्या बुटांचा आवाज आला आणि तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

पोरीनं आई बदलली रे. रंग तिला लपवता येत नाही, तो तोंडावरच आहे, म्हणून ती आम्हाला लपवते आहे. पाइन ब्लफ लपवते आहे. तिच्या आजीला, मला, आणि जिनं भरल्या चर्चसमोर साबणाची जाहिरात म्हटली त्या पोरीला. माय मरो आणि मावशी जगो असं म्हणतात ना, ते म्हणणाऱ्याच्या तोंडात मारावीशी वाटते मला. मला नव्हतं असं जगायचं. माय जगायला हवी होती. ती असती तर कमरेवर हात ठेवून त्या शाळेत गेली असती आणि नोरानं सगळ्या वर्गाला बोटानं दाखवलं असतं, ही माझी आई.

तुला एक गोष्ट माहीत नाही, कारण तू तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होतास की काय कोण जाणे. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा नोरा घाबरलेली नव्हती. अडली होती, एवढंच. इकडे तिकडे बघत होती आणि ओठांच्या कडेला हसू येऊ घातलं होतं. मग तिला तू येताना दिसलास. तुझा चेहरा पांढराफटक. तो बघून ती घाबरली. आमच्या टाळ्यांना नाही. बाबा घाबरलेत म्हणजे इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे, हे तिनं तुझ्या तोंडावर वाचलं. तुला हे शिकवायचं नव्हतं, तू तिला वाचवायला धावलास, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. पण पोरं आपण सांगितलेलं कुठे शिकतात? आपलं तोंड बघून शिकतात.

म्हणून आता ऐक. ईस्टरचं मागणं मी मागे घेते. यंदा तिला पाठवू नकोस. आईला काय सांगायचं ते मी बघेन. पीबल्सबाईंना तर बघेनच.

पण एक कर. तिला सांग. मी नाही, तू. मी सांगितलं तर ते मावशीचं म्हणणं, आपल्या माणसांची कड घेणारीचं. तू सांगितलंस तर तिला खरं वाटेल. तिच्यासमोर खाली बस, तिच्या डोळ्यांत बघ आणि सांग की माझा गैरसमज झाला होता, ती माणसं तुला हसत नव्हती, ती तुला धरून उभी होती, आणि मला ते ओळखता आलं नाही कारण मी तसा वाढलो नाही. बाप चुकतो हे बापाच्या तोंडून ऐकलं तर पोरीचा भरवसा मोडत नाही. मी पैजेवर सांगते, वाढतो. आणि नाही वाढला तर माझ्या नावानं खडे फोड, मला सवय आहे.

मागणं मागे घेते म्हणाले, पण ते मला सोपं जात नाहीये, हेही तुला कळू दे. रंगाचं, चर्चचं, माणसांच्या ओळखीचं जे मी वर लिहिलं ते सगळं खरं आहे. पण त्याच्या खाली एक साधी गोष्ट आहे आणि ती मी तुला कधी बोलले नाही. मला ती पोर माझ्यासाठी हवी आहे. नोरा हसण्याआधी नाक चुरगाळते. तसं हसणारं जगात आणखी एकच माणूस होतं, आणि आम्ही दोघी एका पलंगावर झोपून मोठ्या झालो. बहिणीची आठवण आली की मी कुठे जाऊ? तिची माती तुमच्या बर्फाखाली आहे आणि तिचं हसणं तुझ्या घरात आहे. मला तिचा फोन येतो तेव्हा पहिलं "मावशी" ऐकताना दर वेळी क्षणभर वाटतं की जोनेलच आहे. मग मी नीट ऐकते. तिला हे सांगू नकोस. तिच्यावर तो भार नको.

तू सांगितल्यावर तिला रडू आलं तर रडू दे. तुला आलं तर तूही रड, तुमच्याकडे चालत नसलं तरी. मग तिला मला फोन करावासा वाटला तर करू दे, वेळकाळ बघू नका. आणि सगळं ऐकूनही ती म्हणाली की मला पाइन ब्लफला नाही यायचं, तर मी ऐकून घेईन. खरंच घेईन, दात ओठ खाऊन का होईना. ते नाही म्हणणं आम्हाला असेल. आत्ता ती ज्यांना नाही म्हणते आहे, तशी माणसं इथे कुणी नाहीतच, कर्ट. तिच्या मनातली ती माणसं तेवढी तू खोडून टाक. ते काम माझ्याच्यानं होत नाही.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. जेवत जा नीट.

नोराला पापा. तिनं विचारलं की कुणाचं पत्र, तर लपवू नकोस. हे खालचं नाव तिला मोठ्यानं वाचून दाखव.

पाइन ब्लफच्या जोनेलची थोरली बहीण,
नोराची मावशी,
अर्लीन